मेरी अ‍ॅस्टर, दोन डायऱ्या आणि पाच कादंबऱ्या

आई हॉस्पिटलमध्ये आहे, शेवटचे दिवस आहेत, कोण आलं कोण गेलं काही कळत नाहीये तिला. मुलगी शेजारी बसलीये. आणि आई त्या मुलीलाच कुणीतरी परकी बाई समजून सांगतीये की माझी ल्युसिल काय सांगू तुम्हाला, किती स्वार्थी, किती वाईट पोरगी आहे ती. मुलगी गप्प बसून ऐकून घेते. ल्युसिल म्हणजे तीच असते.

ही १९४७ च्या जानेवारीतली गोष्ट. आई गेली, मग आईची डायरी हातात आली, आणि ती नीट वाचता यावी म्हणून ह्या मुलीनी तासन् तास बसून ती स्वतःच्या हातानी उतरवून काढली. पानापानावर तेच. आपल्या आईला आपला किती राग होता, किती तिरस्कार होता, हे तिला तेव्हा, वयाच्या चाळिशीत, आईच्याच शब्दांत कळलं.

मुलगी म्हणजे मेरी अ‍ॅस्टर. ज्यांनी ‘द माल्टीज फाल्कन’ बघितलाय त्यांना चेहरा आठवेल, हम्फ्री बोगार्टसमोर उभी राहून एकामागून एक खोटं बोलणारी ती ब्रिजिड. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला फक्त तेवढंच माहीत होतं, की बाई जबरदस्त अभिनेत्री आहे. मग तिच्याबद्दल वाचायला लागले आणि ह्या उतरवून काढलेल्या डायरीपाशी येऊन थांबले ते थांबलेच.

कारण सांगते. माझी आई गेली त्यानंतर मी तिच्या हिशोबाच्या वह्या अशाच उतरवल्या होत्या. पेन्सिलीनी लिहिलेलं होतं सगळं आणि पुसट व्हायला लागलं होतं म्हणून. दूध, वाणी, इस्त्रीवाला, भिशी, शेंगदाणे अर्धा किलो, आणि मधेच कुठेतरी हिशोबाच्या खाली एकच ओळ, ‘आज पाय फार दुखले’. वाचताना ती ओळ डोळ्याखालून निघून जाते हो, पण लिहिताना नाही जात. दुसऱ्याचं लिखाण आपण आपल्या हातानी लिहितो तेव्हा प्रत्येक शब्द आपल्या बोटांतून जातो, सुटका नसते. मला त्या वह्यांत माया सापडली. मेरीला जे सापडलं ते तिनी शब्द न् शब्द आपल्या हातानी लिहिलं असेल ना, ह्या विचारानी मला आजही कसंतरी होतं.

तर आज तिच्याबद्दल लिहायचंय, आणि मुख्य म्हणजे ती कादंबरीकार होती ह्याबद्दल लिहायचंय, कारण कुठेही बघा, तिचं नाव निघालं की लोक १९३६ च्या, मुलीच्या ताब्यासाठीच्या त्या कोर्टकेसवर येतात आणि तिथेच रेंगाळतात. तिनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. पाच! त्यावर दोन आत्मकथनं. आणि हे सगळं वयाच्या पन्नाशीनंतर.

सुरुवातीपासून सांगते. जन्म ३ मे १९०६, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात क्विन्सी नावाचं गाव. पूर्ण नाव ल्युसिल व्हास्कॉनसेलोस लँगहँक. बाप ऑटो जर्मनीहून आलेला, शाळेत जर्मन शिकवायचा, पण पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि जर्मन शिकवण्याचं काम गेलं. आई हेलन, तिच्याकडे पोर्तुगीज आणि आयरिश रक्त, ती नाटक आणि वक्तृत्व शिकवायची. म्हणजे घरात शिकलेली माणसं, हुशार माणसं, पण बापाच्या डोक्यात एकच की ह्या पोरीचं काहीतरी करायचं आणि त्यावर आपण वर यायचं. तो तिला पियानोला बसवायचा आणि उठू द्यायचा नाही. हा पियानो लक्षात ठेवा, पुढे येणारे.

मग एका सिनेमा मासिकाच्या सौंदर्यस्पर्धेला फोटो पाठवला, ती शेवटच्या फेरीपर्यंत गेली, झालं, बापानी बिऱ्हाड उचललं, आधी शिकागो आणि मग १९२० मध्ये न्यूयॉर्क. तिथे चार्ल्स अ‍ॅल्बिन नावाच्या फोटोग्राफरनी तिचे फोटो काढले आणि ते फिरत फिरत फेमस प्लेअर्स-लास्की कंपनीपर्यंत पोचले, सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट मिळालं. नाव लांबलचक होतं म्हणून कंपनीतल्या मोठ्या लोकांनी बसून नवीन नाव ठरवलं, मेरी अ‍ॅस्टर. चौदा वर्षांची पोर होती, नाव कुणीतरी दुसऱ्यांनीच ठेवलं.

पहिली स्क्रीन टेस्ट लिलियन गिशनी घेतली होती. हो, तीच लिलियन गिश, मूकपटांची राणी. पोरीनी शेक्सपिअर म्हणून दाखवला आणि गिशबाई इतक्या खूश झाल्या की हजार फूट फिल्म खर्च केली तिच्यावर. मला ह्याची फार गंमत वाटते, म्हणजे मूकपटासाठी टेस्ट आणि पोरगी शेक्सपिअर म्हणतीये, ऐकू कुणालाच येणार नाही. १९२१ च्या पहिल्या सिनेमातली छोटी भूमिका तर एडिटिंगमध्ये कापूनच टाकली. पण कामं मिळत गेली, चेहराच तसा होता.

१९२४ मध्ये ‘बो ब्रमेल’. जॉन बॅरीमोर, त्या काळचा रंगभूमीचा सगळ्यात मोठा नट, त्यानी तिचा फोटो बघितला आणि हीच हवी म्हणाला. ती सतरा वर्षांची, तो चाळिशी ओलांडलेला. अभिनय शिकवतो म्हणून घरी यायला लागला आणि त्या शिकवण्यातून पुढचं सगळं घडलं. आज वाचताना राग येतो, सतराव्या वर्षी काय कळतं? पण हेही तितकंच खरं की अभिनय म्हणजे नुसतं गोड दिसणं नाही, ती एक विद्या आहे, हे तिला शिकवणारा पहिला माणूस तोच. नंतर बॅरीमोर दुसऱ्या अभिनेत्रीच्या, डोलोरेस कॉस्टेलोच्या प्रेमात पडला. आणि १९२६ च्या ‘डॉन हुआन’मध्ये मेरीला त्याच्याचबरोबर प्रेमाचे सीन करावे लागले, मनातून सगळं संपलेलं असताना. हा तोच सिनेमा ज्यात पहिल्यांदा अख्ख्या लांबीच्या फिल्मबरोबर संगीत आणि आवाज जोडलेले होते, व्हिटाफोन नावाच्या यंत्रणेच्या तबकड्यांवर, फक्त बोलणं नव्हतं.

आता पैशाचं. हे मला सविस्तर सांगायचंय.

ती आठवड्याला अडीच हजार डॉलर मिळवत होती, १९२० च्या दशकातले अडीच हजार. आणि तिच्या हातात हातखर्चाला किती मिळायचे? आठवड्याला पाच डॉलर. बाकी सगळं बापाकडे. १९२५ मध्ये त्यानी हॉलिवूडच्या टेकड्यांवर ‘मूरक्रेस्ट’ नावाचा मोठा बंगला घेतला, एका थिऑसॉफिस्ट बाईंनी बांधलेला, मूरिश कमानीबिमानी असलेला. मुलीच्या पैशावर आईबाप त्या बंगल्यात राजासारखे राहत होते आणि मुलगी त्याच बंगल्यात जवळजवळ कैदेत. शूटिंग आणि घर, घर आणि शूटिंग. बाप हातही उचलायचा. एकोणीस वर्षांची असताना एकदा असह्य झालं तेव्हा ती वरच्या मजल्यावरच्या बेडरूमच्या खिडकीतून उतरून पळाली आणि हॉटेलवर जाऊन राहिली. परत आली ती पाचशे डॉलरचं बँक खातं आणि एकटीनं बाहेर जाण्यायेण्याची मोकळीक एवढ्यावर. स्वतःचे पैसे, स्वतःचे! आणि त्यातले पाचशे मिळाले म्हणून घरी परत.

आपल्याकडे ‘कमावती लेक’ म्हणतात ना. माझी एक आत्या होती, मुंबईत ऑफिसात टायपिस्ट, तिचा पगार एक तारखेला आजोबांच्या हातात जायचा आणि तिला लोकलचा पास आणि वर थोडे सुटे पैसे मिळायचे. लग्नाचं नाव काढलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरायचे. आत्यानी कधी तक्रार केली नाही, निदान मोठ्यानी तरी. त्यामुळे मेरीची खिडकी मला फार जवळची वाटते. आत्याच्या खोलीलाही खिडकी होती.

मेरी सव्वीस वर्षांची झाली तेव्हा कुठे तिला आपल्या पगारावर ताबा मिळाला. आणि मग आईबापांनी काय केलं तर कोर्टात गेले, आम्हाला पोटगी द्या म्हणून! शेवटी महिना शंभर डॉलरवर मिटलं. मूरक्रेस्टचा लिलाव झाला तर ऐंशी हजारांच्या वर येतील अशी बापाची अपेक्षा होती, आले पंचवीस हजार.

मधे बोलपट आले. तिची टेस्ट झाली आणि फॉक्स स्टुडिओवाल्यांनी सांगितलं की आवाज फार जाड आहे, पुरुषी वाटतो. काम गेलं. पुढे ज्या आवाजावर लोक जीव टाकायचे तोच हा आवाज, पण तेव्हाची यंत्रंही कच्ची आणि तंत्रज्ञही नवखे. आठेक महिने घरी बसली. मग मैत्रीण फ्लॉरेन्स एल्ड्रिजनी धीर दिला आणि लॉस एंजेलिसच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये ‘अमंग द मॅरिड’ ह्या नाटकात ती उभी राहिली. तोच जाड आवाज, आणि लोकांना आवडला. सगळं मार्गी लागतंय असं वाटत होतं, १९२८ मध्ये लग्न झालेलं, नवरा केनेथ हॉक्स, दिग्दर्शक, हॉवर्ड हॉक्सचा भाऊ.

२ जानेवारी १९३०. दुपारचा प्रयोग संपला आणि फ्लॉरेन्सनी येऊन सांगितलं. केनेथ समुद्रावर विमानातून शूटिंग करत होता, दोन विमानं हवेतच एकमेकांवर आदळली, दहा माणसं गेली. नवरा त्यातला एक. ती तेवीस वर्षांची होती.

ती पार खचली, आजारी पडली आणि ज्या डॉक्टरनी उपचार केले त्या फ्रँकलिन थॉर्पशीच १९३१ मध्ये लग्न केलं. पुढच्या वर्षी होनोलुलूला मुलगी झाली, मॅरिलिन हाउओली. हाउओली म्हणजे हवाईच्या भाषेत आनंद. लग्न मात्र टिकलं नाही.

तर ती डायरी. मेरी डायरी लिहायची, मनातलं सगळं, आणि त्यात नाटककार जॉर्ज कॉफमनवरचं तिचं प्रेमही होतं. ती थॉर्पच्या हाती लागली. १९३५ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा डायरीच्या धाकानी मुलीचा ताबा त्याच्याकडे गेला, पण १९३६ मध्ये मेरी म्हणाली जे व्हायचं ते होऊ दे, मला माझी पोर पाहिजे, आणि कोर्टात उभी राहिली. तिला माहीत होतं काय होणार ते. आपली अब्रू वेशीवर टांगली जाणार हे माहीत असून ती गेली, हे कुणी सांगतच नाही. सगळे सांगतात डायरीत काय होतं.

आणि डायरीत काय होतं हे तरी कुणाला माहीत होतं? पेपरवाल्यांनी मनाला येईल ते छापलं, बनावट पानंसुद्धा छापली. ‘जांभळ्या शाईची डायरी’ म्हणून नाव पाडलं, शाई प्रत्यक्षात तपकिरी होती. म्हणजे बघा, शाईचा रंगसुद्धा खरा ठेवला नाही. कॉफमनसाहेब साक्षीचं समन्स चुकवून न्यूयॉर्कला पळाले. ती मात्र दिवसा ‘डॉड्सवर्थ’चं शूटिंग करायची आणि रात्री कोर्टात यायची, कारण जजनी मुद्दाम रात्रीची सुनावणी ठेवली होती. वार्ताहर दारात उभे असायचे म्हणून स्टुडिओतल्या ड्रेसिंग रूममध्येच झोपायची. निर्माता सॅम्युएल गोल्डविनवर दबाव होता की हिला काढा, त्यानी काढलं नाही. आई पोरीसाठी भांडतीये, त्यात वाईट काय, असं त्याचं म्हणणं.

‘डॉड्सवर्थ’मध्ये ती एडिथ कॉर्टराइट नावाच्या बाईचं काम करत होती, शांत, धीराची, समजूतदार बाई. तिनी नंतर लिहिलंय की साक्षीच्या पिंजऱ्यात तिनी त्या एडिथचाच आधार घेतला. खरी मेरी घाबरलेली होती, पण एडिथ घाबरली नसती. मी हे वाचलं आणि सिनेमा परत लावला. खरंच हो, इटलीतल्या घरातला तिचा तो ठामपणा बघा, आणि मग आठवा की रात्री हीच बाई तशीच मान वर करून वकिलाला उत्तरं देत होती. त्या सिनेमात मला ती ‘फाल्कन’पेक्षा जास्त आवडते, वाद घालायची माझी तयारी आहे.

डायरीची पानं फाडलेली होती म्हणून कोर्टानी ती पुरावा म्हणून घेतली नाही. मुलीचा ताबा दोघांत वाटून दिला गेला. डायरी सील करून ठेवली, सोळा वर्षं ती तिजोरीत पडून होती, १९५२ मध्ये कोर्टाच्या आदेशानी जाळली.

सिनेमा रिलीज झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. करिअर संपेल म्हणणारे गप्प बसले.

१९४१ हे तिचं वर्ष. ‘द ग्रेट लाय’मध्ये ती मैफली करणाऱ्या पियानोवादक बाईच्या भूमिकेत, समोर बेटी डेव्हिस. कथा फारच सामान्य होती म्हणून दोघी शूटिंगच्या वेळी एकत्र बसून आपले सीन पुन्हा लिहायच्या. लिहायच्या! हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कागदावर माणसं उभी करायची चव तिला इथेच लागली असणार असं मला वाटतं. सिनेमात चायकॉव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो आहे. वाजवलाय दुसऱ्यानी, पण पियानोवर पडणारे तिचे हात बघा, अचूक जागी पडतात. हाच तो बापाचा पियानो. तासन् तास रडत केलेला रियाज शेवटी कामाला आला आणि ऑस्कर मिळालं, सहाय्यक अभिनेत्रीचं. भाषणात तिनी दोघांचे आभार मानले, बेटी डेव्हिस आणि चायकॉव्हस्की.

त्याच वर्षी ‘माल्टीज फाल्कन’, जॉन ह्यूस्टनचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. ब्रिजिड सतत खोटं बोलते म्हणून तिचा श्वास थोडा अस्थिर हवा, असं मेरीनी ठरवलं, आणि प्रत्येक शॉटच्या आधी ती जोरजोरात श्वास घेऊन स्वतःला धाप लावून घ्यायची. पुढच्या वेळी सिनेमा बघाल तेव्हा कान देऊन ऐका, ती प्रत्येक वाक्य अर्ध्या श्वासावर बोलते.

आणि इतकं सगळं केल्यावर पुढे काय मिळालं? आयांच्या भूमिका. मेट्रो, म्हणजे एमजीएम स्टुडिओबरोबर मोठं काँट्रॅक्ट केलं आणि अडकली. ‘मीट मी इन सेंट लुईस’मधे जूडी गारलंडची आई, ‘लिट्ल विमेन’मधे चार मुलींची आई. वय चाळिशीच्या आसपास, आणि ह्या प्रेमळ आया करताकरता तिची खरी आई हॉस्पिटलमध्ये तिच्या तोंडावर तिचीच निंदा करून गेली. बाप १९४३ मध्येच गेला होता. दारू वाढत गेली. तिसरं आणि चौथं लग्नही मोडलं. १९५१ मध्ये झोपेच्या गोळ्या जास्त झाल्या, पोलिसांनी आत्महत्येचा प्रयत्न म्हटलं, ती अपघात म्हणाली. मी ह्या वर्षांवर जास्त लिहिणार नाही. तिनी स्वतः लिहिलंय, कुणालाही दोष न देता, आणि तेच वाचावं.

दारू सोडवायला ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये गेली. तिनी कॅथलिक धर्म स्वीकारलेला होता, आणि फादर पीटर सिक्लिक म्हणून एक पाद्री होते, ते मानसशास्त्रही जाणायचे. त्यांनी सांगितलं लिही. जे झालंय ते सगळं लिहून काढ. उपचार म्हणून, छापायला नाही.

विचार करा, कुणाला सांगितलं हे? जिची डायरी चोरून वाचली गेली, कोर्टात फडकवली गेली, पेपरात खोटी छापली गेली, आणि सोळा वर्षं कुलपात ठेवून जाळली गेली, त्या बाईला. आणि जिनी आईची डायरी उतरवताना कागदावरचे शब्द किती खोल जखम करतात ते अनुभवलंय, त्या बाईला. तिच्या जागी मी असते तर आयुष्यात परत पेनाला हात लावला नसता. तिनी लावला.

त्यातून १९५९ मध्ये ‘माय स्टोरी’ आलं. खूप खपलं. लोकांना डायरीतला मसाला हवा होता हे उघड आहे, पण पुस्तकात निघाली एक दारुड्या बाईची प्रामाणिक कहाणी, आईबाप, चार लग्नं, दारू, देव. सिनेमातल्या लोकांच्या भानगडी नाहीत. त्यानंतर, आणि इथे मला उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, ती तिथे थांबली नाही. गाजलेल्या नटीनी आत्मचरित्र लिहिलं, संपलं, असंच होतं ना बहुतेक वेळा? ही दुसऱ्याच वर्षी कादंबरी घेऊन आली.

‘द इन्क्रेडिबल चार्ली केर्यू’, १९६०. श्रीमंत घरातला देखणा, गोड बोलणारा मुलगा, बघणारा पाघळलाच पाहिजे असा. आणि आत काही नाही. पश्चात्ताप नाही, माया नाही, कुणाचं वाटोळं झालं तरी झोप नीट लागते. आणि घरचे लोक वर्षानुवर्षं झाकत राहतात, निस्तरत राहतात, कारण आपल्या पोरात असं काही आहे हे बघायचीच त्यांची तयारी नाही. आज आपण सायकोपॅथ हा शब्द वेब सिरीजमुळे ऊठसूट वापरतो, पण १९६० मध्ये साध्या कादंबरीत असा माणूस, हातात सुरा न देता, घरातल्या डायनिंग टेबलावर बसलेला दाखवणं सोपं नव्हतं. आणि हे मी एकटी म्हणत नाही. हर्वी क्लेक्ली म्हणून अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ होते, सायकोपॅथ ह्या विषयावरचं ज्यांचं ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ हे पुस्तक पायाभूत मानतात, त्यांनी त्याच पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीत ह्या कादंबरीचं भरभरून कौतुक केलंय, डॉक्टरांनी वाचावी असं म्हटलंय. नटीच्या कादंबरीला ह्याहून मोठी पावती काय असते सांगा.

मला वाटतं तिला हे जमलं कारण तिचा सगळा जन्म चेहरे वाचण्यात गेला. मूकपटात दुसरं होतंच काय? चेहरा एक सांगतो आणि आत दुसरं चालू असतं, हे ती चौदाव्या वर्षापासून करत आली होती, आणि घरीही तेच बघत आली होती. तिच्यावर खूप प्रेम असल्याचं सांगणारी माणसं तिच्या पगाराची वाट बघत बसलेली. ब्रिजिड खोटं बोलताना श्वास कसा घेईल ह्याचा विचार करणारी बाई चार्लीसारखा माणूस लिहू शकते, त्यात मला आश्चर्य वाटत नाही.

मग १९६२ मध्ये ‘द इमेज ऑफ केट’, १९६४ मध्ये ‘द ओ’कॉनर्स’, १९६५ मध्ये ‘गुडबाय डार्लिंग, बी हॅपी’, १९६८ मध्ये ‘अ प्लेस कॉल्ड सॅटर्डे’. नऊ वर्षांत पाच. दम्यासारखा श्वासाचा त्रास नंतर फार वाढला, हृदयाचं दुखणं होतं, पैसे फारसे नव्हते, आणि ही बाई टेबलाशी बसून माणसं रचतीये. ज्यांची नावं तिनी ठेवली, ज्यांच्या तोंडी काय घालायचं ते तिनी ठरवलं. तिचं स्वतःचं नाव ठेवायलासुद्धा एक मीटिंग भरली होती, ते आठवतंय ना.

सगळ्या कादंबऱ्या ‘चार्ली’इतक्या ताकदीच्या असतील असा माझा दावा नाही. पण तिच्यावर इतकं लिहिलं जातं, आजही डायरीवर पुस्तकं येतात, त्यातलं थोडं लक्ष ह्या पाचांकडे वळायला काय हरकत आहे? आपण बाईनी गुपचूप लिहिलेलं चोरून वाचायला किती उत्सुक असतो, आणि तिनी स्वतःहून आपल्यासमोर ठेवलेलं वाचायला वेळ नसतो आपल्याकडे. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

१९६४ च्या ‘हश... हश, स्वीट शार्लट’मध्ये ती शेवटची दिसली. परत बेटी डेव्हिसच मुख्य भूमिकेत. मेरीचं काम छोटंसं, जुअल मेह्यू नावाची मरणाची वाट बघत बसलेली म्हातारी. लुइझियानातल्या ओक अ‍ॅली मळ्यावर शेवटचा सीन झाला, आणि तिनी ठरवलं की बस. पंचेचाळीस वर्षांच्या आसपास काम, शंभरावर सिनेमे, नटांच्या युनियनचं कार्ड परत करून टाकलं आणि घरी आली. घरी टाइपरायटर होता, काम होतं.

१९७१ मध्ये दुसरं आत्मकथन, ‘अ लाइफ ऑन फिल्म’, ह्यात मात्र फक्त सिनेमा, कॅमेरा, लाइट, दिग्दर्शक, आपलं काम कसं केलं ते. ज्यांना अभिनयात रस आहे त्यांनी हे आधी वाचा. त्याच सुमारास ती वुडलंड हिल्सला, सिनेमात काम केलेल्या वयस्कर लोकांसाठी जी वसाहत आहे तिथे एका छोट्या कॉटेजमध्ये राहायला गेली. १९८० मध्ये मूकपटांवर केव्हिन ब्राउनलोची एक डॉक्युमेंटरी मालिका आली, ‘हॉलिवूड’, त्यात ती बसून जुन्या दिवसांबद्दल बोलते. तो भाग जरूर बघा. पांढरे केस, शांत चेहरा, आणि तोच तो खालच्या पट्टीतला आवाज, जो १९२९ मध्ये स्टुडिओला नको होता.

२५ सप्टेंबर १९८७ ला वुडलंड हिल्सच्या त्या वसाहतीतच ती गेली, एक्याऐंशी वर्षांची होती. तिथल्या जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांबरोबर जेवायचं मनात आलं की ती यायची, पण तिच्यासाठी एक वेगळं टेबल असायचं. तिथे ती एकटी बसायची, तिला हवं तेव्हा.